चिलखत द्यायचं का जखम भरायची ताकद?

प्रिय दोस्ता,

तुझी तिन्ही स्केचेस बघितली आणि खाली लिहिलेला प्रश्नपण वाचला, की साठ मीटरच्या या राक्षसाला चिलखतासारखी कातडी द्यायची का जखम आपोआप भरून यायची पॉवर. मेसेजवर दोन शब्दांत सांगता आलं असतं पण मग पुढच्या राक्षसाच्या वेळी तू परत तेच विचारलं असतंस, म्हणून जरा बैजवार लिहितोय.

१९५४ चा पहिला गॉडझिला, तो महाकाय राक्षसाचा जपानी सिनेमा, तू बघितलायस हे माहितीये मला. आता परत लाव आणि फक्त त्याची कातडी बघ. नीटनेटके खवले नाहीत तिला, नुसते खडबडीत उंचवटे आणि खाचा, भाजून बरी झाल्यासारखी. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्या माणसांच्या अंगावर जे जाड वण उठले होते ना, कीलॉइड म्हणतात त्यांना, त्यांची आठवण येते ती कातडी बघून. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्ब फोडला, त्याची राख 'लकी ड्रॅगन ५' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर पडली, बोटीवर २३ माणसं होती. आणि ३ नोव्हेंबरला हा सिनेमा आला. दिग्दर्शक इशिरो होंडा युद्धावरून घरी परतताना हिरोशिमातून गेले होते, बेचिराख शहर त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. त्या प्रेक्षकांना ती कातडी काय वाटली असेल विचार कर.

आता कीलॉइड म्हणजे काय, तर जखम भरताना शरीराला थांबायचं कळतच नाही, भरलेली जागा वाढतच राहते, मूळ जखमेच्या बाहेर पसरते. म्हणजे तू ज्या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून बसलायस त्या तिथे एकच आहेत. जी कातडी तुला चिलखत वाटते ती भरून आलेली जखमच आहे!

बरं, २०२३ चा गॉडझिला मायनस वन घे. लाकडी बोटीवरची माणसं त्याच्या तोंडात समुद्री सुरुंग फोडतात, अर्धा गाल उडतो, आपण हुश्श करतो, आणि तेवढ्यात ते मांस शिवशिवायला लागतं आणि परत जुळतं. मला तो सीन बघताना भीती वाटली ती त्याच्या आकाराची नाही, त्या बोटीवरच्या माणसांचे चेहरे उतरले त्याची. चिलखत असतं तर सुरुंग आपटून वाया गेला असता, एवढंच. इथे आधी आशा दिली आणि मग हातातून काढून घेतली. म्हणून माझं मत विचारशील तर जखम भरणारा राक्षस, पण जखम पडद्यावर दिसली पाहिजे, आणि भरायला वेळ लागला पाहिजे. एका सेकंदात भरली तर पुढच्या हल्ल्यात कुणाचा जीव गुंतणार नाही. आपल्याकडे जरासंधाची गोष्ट आहेच, भीमाने उभा चिरला तरी दोन भाग परत जुळायचे, शेवटी कृष्णाने खूण केली तेव्हा भीमाने ते उलटसुलट दिशांना फेकले. जुळण्यातच तोडगा लपलेला होता, तसा तुझ्या राक्षसाच्या भरण्यात कुठे आहे ते आधी ठरव.

आणि भरलेली जागा पहिल्यासारखी काढू नकोस. ट्यूबलाइटमागच्या पालीकडे बघ, शेपूट तुटून परत आलेली असते तिचा रंग वेगळा, खवल्यांची ठेवण वेगळी, आत मणके नसतात, कूर्चेची नळी असते नुसती. एकदा बघितलंस की लांबूनही ओळखू येते. तुझ्या राक्षसाला पहिल्या लढाईत लागलं तर शेवटच्या लढाईत ती जागा तशी ओळखू आली पाहिजे.

चिलखतच हवं असेल तरी माझी हरकत नाही, पण मग वजन चालीत आण. पहिल्या गॉडझिलाच्या वेळी राक्षसाच्या सूटमध्ये हारुओ नाकाजिमा नावाचे नट होते, सूट साधारण १०० किलोचा, आत भयंकर उकाडा, आणि ती जड, रेटत टाकलेली पावलं त्या ओझ्यातून आलीयेत. शिवाय कुठलंही चिलखत सगळीकडे नसतं, कोकणातल्या खवले मांजराच्या पोटावर खवले नसतात म्हणूनच ते गुंडाळी करून बसतं. तुझ्या तिन्ही स्केचेसमध्ये राक्षस समोरून आहे आणि पोट मात्र एकातही नीट काढलेलं नाहीस, सावली मारून सोडलंयस.

रविवारी येताना मातीचं एक छोटं मॉडेल घेऊन ये, हाताएवढं चालेल. मी त्याला सुरीने एक चीर मारणार आहे, उजव्या खांद्यावर. ती भरलेली कशी दिसेल ते तू माझ्यासमोर करून दाखव, मग स्केचकडे वळू.

तुझा,
काका