गाझाच्या बातमीत कोणता शब्द: युद्धविराम, तहकुबी की तह?

गाझाच्या बातम्यांत युद्धविराम, शस्त्रसंधी आणि शांतता करार हे शब्द आलटून पालटून येतात, तिन्ही एकच का, असा प्रश्न आला आहे. पहिले दोन आता मराठीत एकाच अर्थाने रुळले आहेत. तिसरा मात्र त्यांच्या जागी मुळीच वापरू नये.

युद्धविराम म्हणजे लढाई थांबवणे, एवढेच. १९ जानेवारी २०२५ला सुरू झालेला गाझातला युद्धविराम १८ मार्चला मोडला. पुढचा १० ऑक्टोबरला लागू झाला. ओलीस घरी आले, पॅलेस्टिनी कैदी सुटले. त्या घरांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण जमीन कोणाची, राज्य कोणाचे, हे त्यात ठरलेले नाही.

याच संदर्भात एक नेमका शब्द आपण विसरत चाललो आहोत: युद्धतहकुबी. सभा तहकूब झाली तरी तिच्यापुढचे विषय शिल्लकच असतात. १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ राल्फ बंच यांच्या मध्यस्थीने इस्रायलने इजिप्त, लेबनॉन, जॉर्डन व सीरियाशी केलेले करार याच प्रकारचे होते. इजिप्तबरोबरच्या करारात तर, सैन्ये जिथे थांबली ती तहकुबीची रेषा राजकीय सीमा समजू नये, असे स्पष्ट लिहिले होते. यांतल्या एकाही करारावर पॅलेस्टिनींची सही नव्हती.

तह, म्हणजेच शांतता करार, निराळा. त्यात सीमा आणि देणेघेणे ठरते. तह झाला म्हणजे मैत्री झाली असे नाही, आणि एकाच बाजूला गिळावा लागलेला तह टिकतही नाही: १६६५ला पुरंदरच्या तहात दिलेले किल्ले शिवाजी महाराजांनी १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केलीच. उलट इजिप्त आणि इस्रायल चार युद्धे लढले, तरी त्यांचा १९७९चा तह आजही टिकून आहे. म्हणून इस्रायली-पॅलेस्टिनी तह अशक्य आहे, हे मला पटत नाही.

मला सर्वांत खटकतो तो ‘ओस्लो शांतता करार’ हा शब्दप्रयोग. इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना (पीएलओ) यांच्यातली १९९३ची ती व्यवस्था अंतरिम होती. जेरुसलेम, पॅलेस्टिनी निर्वासित, व्याप्त भूमीवरच्या इस्रायली वसाहती, सीमा, सुरक्षा हे सगळे प्रश्न पुढच्या वाटाघाटींवर सोडले होते. ते पाच वर्षांत सुटायचे होते, सुटले नाहीत. शांतता झालीच असे समजून बसलेल्या वाचकाला पुढचा रक्तपात आकाशातून पडल्यासारखा वाटतो, आणि यात शब्दाचाही दोष आहे.

तेव्हा ‘गाझात युद्धविराम’ आणि नुसते ‘ओस्लो करार’ लिहावे. ‘तह’ हा शब्द त्या पाच प्रश्नांवर दोघांच्या सह्या होतील तेव्हाच वापरावा.