चटणीचं गुपित फोडलं कुणी, हिशोब होतोय कुणाचा

ताई,

मी सोलापूरची. वय 17, बारावी झाली. आमची खानावळ आहे आणि रस्त्याच्या पलीकडं, बरोब्बर समोर, त्यांची. दोन्हीकडं पाटी एकच: ‘मूळ खानावळ. आमची कोठेही शाखा नाही.’ माझे पणजोबा आणि त्यांचे पणजोबा भागीदार होते, गिरणीतल्या कामगारांना जेवण द्यायचे. मग फाटलं. दगडी उखळ आमच्याकडं आलं, पातेली त्यांच्याकडं गेली. आजही आमच्यातलं कुणी त्या बाजूनं चालत नाही.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेला, होम मैदानावर दोघांचे स्टॉल शेजारी आले. माझा चुलतभाऊ आणि त्यांची पोरं भिडली, ताटल्या उडाल्या. सगळे ओरडत होते आणि समोरच्यांचा मुलगा एकटा खाली बसून ताटल्या गोळा करत होता. आमच्या पण. तो 19 वर्षांचा, पुण्यात हॉटेल मॅनेजमेंटला आहे. मे महिन्यात सुट्टीला आला. मी सकाळी लक्ष्मी मंडईत भाजीला जाते, तोही यायला लागला. महिना झाला.

एकदा कंबर तलावावर बसलो होतो. तो म्हणाला, तुमची शेंगा चटणी अशी कशी काय लागते? मी सांगून टाकलं आजी काय करते ते. आठ दिवसांत त्यांच्या ताटात तशीच चटणी. पप्पांनी पार्सल मागवून चव बघितली. त्यांना आमच्या भाकरीवाल्या मावशींचा संशय आहे, कारण मावशींची बहीण समोर कामाला आहे. मावशी अकरा वर्षं आमच्याकडं आहेत. पप्पा म्हणुलालेत, सोमवारी हिशोब करून घालवतो.

तो म्हणतो, मी मुद्दाम केलं नाही, आईजवळ सहज बोललो. तू गप्प बस, आपोआप शांत होईल. मैत्रीण म्हणते, त्यानं तुला वापरलं. मला तर वाटतंय सरळ सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून त्याच्यासोबत पुण्याला जावं. ताई, तो खरा आहे का खोटा?

– समोरची

*

अगं मुली,

हे उत्तर इथे येईपर्यंत तुझा सोमवार होऊन गेला असेल. म्हणून त्यातला मावशींपुरता भाग तुला मी शुक्रवारी रात्रीच मेलवर पाठवला होता. बाकीचं आज. (तुझं ‘म्हणुलालेत’ मी तसंच राहू दिलंय. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी ‘म्हणत आहेत’ असं समजून घ्यावं. आणि सोलापूरकरांनी अंदाज बांधत बसू नये, समोरासमोर ‘मूळ’ असलेली ठिकाणं आपल्या गावात काही एकच नाहीत.)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. त्यानं ताटल्या गोळा केल्या ते तू मन लावून लिहिलंस, आणि ते आहेच लिहिण्यासारखं. पोरं एकमेकांच्या गचांड्या धरत असताना जो खाली बसून दुसऱ्याच्या ताटल्या उचलतो, त्याच्याकडे मीही वळून बघितलं असतं. पण मावशींचा हिशोब होणार ते तू येता येता सांगून गेलीस आणि लगेच त्याच्याकडे वळलीस. मी मात्र तिथंच अडकले.

कडक भाकरी थापणारी बाई म्हणजे काय, हे तू रोज बघतेस, म्हणूनच कदाचित तुला दिसत नाही. ज्वारीचं पीठ गरम पाण्यात मळायचं, भाकरी कागदासारखी पातळ थापायची, कड फाटू द्यायची नाही, तव्यावरून उतरवली की मंद आचेवर कडकडीत होईपर्यंत धरायची. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीस-त्रेचाळीसला आणि ही बाई चुलीपुढं. अशा बहुतेक बायकांना नगावर पैसे. भाकरी नाही तर पैसा नाही. आता पप्पांनी ‘घरातली गोष्ट समोर पोचवली’ म्हणून तिला काढलं, तर ते एका खानावळीपुरतं राहील असं वाटतं तुला? खानावळवाल्यांत ही बातमी भाकरी गार व्हायच्या आत फिरते. चोरटी म्हणून गेलेल्या बाईला मसाल्याच्या डब्याजवळ कोण उभं करणार? तुला बोलणी बसतील, फोन काढून घेतील, मंडई बंद होईल. तिची चूल बंद होईल. आणि तिच्याविरुद्ध पुरावा काय, तर बहीण समोर कामाला आहे!

त्या बहिणीवरून एक आठवलं, ते सांगते. मी बाळीवेशीत वाढले. आमचं आणि समोरच्या घराचं बोलणं नव्हतं, माझ्या अख्ख्या शाळेच्या काळात नव्हतं. कारण पन्हाळ. त्यांच्या पत्र्याचं पाणी आमच्या ओट्यावर पडायचं. मोठी माणसं एकमेकांकडं बघायचीसुद्धा नाहीत. पण दर संक्रांतीला आई सहा शेंगापोळ्या फडक्यात बांधून कोपऱ्यावरच्या शिंपिणकाकूंकडं पाठवायची, आणि संध्याकाळी त्याच फडक्यात तिळगूळ परत यायचा. काकूंनी कधी तोंडातून एक शब्द काढला नाही. वडील वारले तेव्हा खांदा द्यायला पहिले आले ते समोरचेच.

तुमच्या रस्त्यावरही असंच असणार. दोघी बहिणी, एक या चुलीपुढं, एक त्या. संध्याकाळी एकाच वाटेनं घरी जातात. कुणाकडं गिऱ्हाईक किती, कुणाचा मालक कधी तापतो, कुणाच्या घरी लग्न निघालंय, सगळं दोघींना माहीत. अकरा वर्षांत त्यांनी ठरवलं असतं तर तुमचा काळा मसाला कधीच रस्ता ओलांडून गेला असता. नाही गेला. तू मात्र चटणीचं गुपित एका संध्याकाळी तलावाकाठी नेऊन पोचवलंस. मी हे टोचायला लिहीत नाही, पण ‘मी सांगून टाकलं’ या तीन शब्दांना तू स्वतःच्या पत्रात जरा जास्त जागा द्यायला हवी होतीस.

तेव्हा शुक्रवारी लिहिलं तेच पुन्हा. सोमवारच्या आत बोल. मावशींवर नाव आहे तोवर गप्प राहायचा हक्क तुला नाही. पण गल्ल्यावर, गिऱ्हाइकासमोर पप्पांना गाठू नकोस. आधी आजीला सांग, पहाटे ती उखळापाशी असेल तेव्हा. चटणी तिची आहे, पहिला राग तिचा. मग तिला बरोबर घेऊन पप्पांकडं जा. वाक्य एवढंच: ‘चटणीची गोष्ट माझ्या तोंडून बाहेर गेली, मावशींचा त्यात काही संबंध नाही.’ प्रेमाची कबुली आपणहून द्यायलाच हवी असं मी म्हणत नाही, ती तुझी गोष्ट आहे. पण ‘कुणाला सांगितलंस’ हा प्रश्न दुसऱ्याच मिनिटाला येणार, आणि तेव्हा मैत्रिणीचं नाव पुढं करू नकोस. एका निरपराध माणसाला सोडवायला दुसरं अडकवायचं, असं नको. त्याचं नाव सांग. घरात वादळ होईल. पप्पा हात उगारणारे असतील तर आजीच्या खोलीतच बोल, आणि त्याहून भीतीचं काही असेल तर 1098 हा मुलांसाठीचा मदत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तू अठराच्या आतली आहेस, तो तुझ्यासाठीही आहे.

आता ते गुपित. तू मला पत्रात सगळी कृती लिहून पाठवलीस, ती मी गाळली आहे. मला या गावात राहायचंय. पण खरं सांगू? तू लिहिलंस त्यातलं निम्मं अर्ध्या सोलापूरला पाठ आहे. दाणे खमंग भाजायचे, लसूण, जिरं, मीठ, तिखट, आणि मिक्सरला हात लावायचा नाही. उखळात कुटलं की दाण्याचं तेल सुटतं आणि चटणीचा गोळा वळतो. मिक्सरमध्ये नुसता भुगा. उरलेलं निम्मं म्हणजे तुझ्या आजीचा हात, आणि तो पुण्याच्या हॉटेल मॅनेजमेंटमध्ये शिकवत नाहीत. समोरच्यांची चटणी आठ दिवसांत ‘तशीच’ झाली म्हणतेस. तू स्वतः खाल्लीस का ती? पप्पांची जीभ या बाबतीत मी साक्षीला धरणार नाही. त्यांना गेली वीस वर्षं समोरच्या प्रत्येक ताटात चोरीच दिसत असणार.

भांडणाचं मूळही मला त्या पाटीतच दिसतं. सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली 1877 साली. नंतर लक्ष्मी-विष्णू झाल्या, इतरही झाल्या. भोंगा झाला की खेड्यापाड्यांतून एकटे आलेले कामगार जेवायला लोटायचे, आणि तुमच्या पणजोबांसारख्या दोन गड्यांना एका उखळावर गाव जेवू घालता यायचं. गिरण्या एकेक करत बंद पडल्या. भोंग्याचं गिऱ्हाईक गेलं आणि तेव्हापासून आपण ‘मूळ’ आहोत हे पाटीवर लिहून सांगायची वेळ आली. ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य वाचलं की मला नेहमी वाटतं, शाखा नाही ती नाही, पण समोर भाऊबंद आहे हे लिहायला काय हरकत? असो. हे मी तुझ्या पप्पांना शिकवायला जाणार नाही, तूही जाऊ नकोस. शंभर वर्षांचं वैर तुमच्या दोघांच्या मंडईतल्या महिन्यानं मिटावं असा भार त्या महिन्यावर टाकू नका. बिचारा वाकेल.

आता तुझा प्रश्न. तो खरा की खोटा?

आईजवळ बोलला, त्याचं मला एवढं वाटत नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा, स्वयंपाक शिकतोय, घरी गेला आणि बोलून गेला. तूही बोलूनच गेलीस की त्याच्याजवळ. मैत्रीण म्हणते तसं ‘वापरलं’ म्हणायला मला पत्रात आधार सापडला नाही. जो चटणीसाठी येतो तो महिनाभर भल्या सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या निवडत उभा राहत नाही.

पण ‘तू गप्प बस, आपोआप शांत होईल’ हे मला अजिबात आवडलं नाही. आपोआप शांत कसं होणार होतं? मावशींना काढून. ते त्याला कळलं नसेल तर त्याला सांग, एकदाच, स्पष्ट. कळून बोलला असेल तर ताटल्या उचलणारा मुलगा तोच का, याचा विचार कर. त्यानं तुमच्या दारात येऊन भाषण ठोकावं असं कुणी म्हणत नाही, ते सिनेमात बरं. त्यानं स्वतःच्या आईला सांगायचंय, ही चटणी आपल्याकडं कुठून आली, आणि पलीकडं तिच्यापायी कुणाचं काम जातंय. त्याची आई पुढं काय करेल ते तिच्यावर. पण तो एवढं बोलला का नाही, यात तुझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

उरलेलं निम्मं जूनमध्ये मिळेल, तो पुण्याला गेल्यावर. तुझ्या पत्रात तुम्ही दोघं जे काही बोलता ते सगळं दोन घरांबद्दल आहे. त्यांचं ताट, आमचं ताट, तुझे पप्पा, माझे काका. लपूनछपून भेटण्यात जी चव येते तिच्यात अर्धा मसाला घरच्यांच्या वैराचा असतो. फोनवर, घरच्यांचा विषय न काढता, तुम्हाला अर्धा तास बोलता येतं का ते बघ. येत असेल तर छान.

आणि हुतात्मा. ती गाडी विसर. तुला अठरा पूर्ण नाहीत. पोक्सो हा मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा 2012 चा कायदा आहे, आणि त्यात अठराच्या आतल्या मुलीचा होकार हा होकार धरला जात नाही. तू आपल्या पायांनी गाडीत बसलीस तरी ‘मुलीला पळवलं’ अशी तक्रार होऊ शकते, आणि पुढं चौकशीत जे जे निघेल त्याचा त्रास त्याला. दोन घरांत वैर नसतं तर कदाचित कुणी चौकीची पायरी चढलं नसतं. तुमच्याकडं मात्र तुझा चुलतभाऊ ती संधी शोधतच बसलाय, असं मी गड्ड्याच्या किश्श्यावरून धरून चालते. लग्नाचं तर नावच नको, मुलाला 21 पूर्ण लागतात. तेव्हा तलावावर बसायचं तर उजेडी, चार माणसांत. एकमेकांना पाठवायचे फोटो असे असावेत की आजीनं बघितले तरी चालतील. मी जुन्या वळणाची वाटत असेन, वाटू दे.

एक राहिलं. तुमची दोघांची जात एक की वेगळी, ते तू लिहिलं नाहीस. मुद्दाम टाळलंस की काय, माहीत नाही. वेगळी असेल, तर उद्या चटणीचं भांडण मिटलं तरी घरात दुसरं पान उघडेल, ते आत्ताच डोक्यात असू दे. त्यावर स्वतंत्र पत्र लिही, मी उत्तर देईन.

माझा मेल मिळाला का, हेही तू अजून कळवलेलं नाहीस. सोमवारी मावशी कामावर आल्या का, ते आधी कळव. त्याचं काय झालं ते मी मागाहून वाचेन.

– ताई