अमेरिकेत वणव्यात जळलेली घरं पुन्हा लाकडाचीच का बांधतात? आरसीसीची बांधली तर धोका कमी होणार नाही का?

हाच प्रश्न माझे साडू मला प्रत्येक भारतवारीत विचारतात, म्हणून उत्तर देतोच. ते पुण्यात बिल्डर आहेत. ऑक्टोबर 2017 च्या टब्स वणव्यात आमचं कॅलिफोर्नियातल्या सँटा रोझा गावाच्या कॉफी पार्क कॉलनीतलं घर गेलं, तेव्हा सांत्वनाच्या फोनवर त्यांचं दुसरंच वाक्य होतं, "मुळात काडेपेटीत राहायला जायचंच कशाला?"

लाकूड का, तर भूकंप. गावाखालून रॉजर्स क्रीक भ्रंश (जमिनीतली भूकंप घडवणारी भेग) जातो, 1906 आणि 1969 मध्ये गावाने मार खाल्लाय. हलकं लाकडी घर डुलतं, सहसा कोसळत नाही. आरसीसीही भूकंपरोधक होतं, पण इथली मजुरी साडूंनी एकदा भरून बघावी.

आता आग. साडूंना वाटतं, आधी भिंत पेटते. अहो, कॉफी पार्क जंगलात नव्हतंच! सपाट जागेवरची साधी कॉलनी. आग तिथे आली ती रुंद हायवे 101 ओलांडून, वाऱ्यावर उडणाऱ्या निखाऱ्यांनी. निखारे पोटमाळ्याच्या हवेसाठीच्या जाळीतून आत शिरतात, पन्हळीतल्या सुक्या पाल्यात पडतात, भिंतीलगत पसरलेल्या झाडाच्या सालीत धुमसतात. मग एका घरावरून दुसरं. काँक्रीटच्या घराची काच तडकली की आतले सोफे-पडदे जळणारच, भिंती उभ्या राहून काय उपयोग?

कॅलिफोर्नियात वणव्याच्या पट्ट्यातल्या नव्या घरांना 2008 पासून कडक नियम आहेत. पण आमची कॉलनी त्या नकाशात नव्हती, म्हणजे राख झाल्यावरही सक्ती नव्हती. कॉन्ट्रॅक्टर पोटमाळ्याला निवांत पाव इंची भोकांची जाळी ठोकत होता. मी पेनाची रिफिल आरपार घालून दाखवली, तेव्हा कुठे एक अष्टमांश इंच भोकांची धातूची जाळी आली. नवीन घर बांधताना पैसे तिथे घाला, शिवाय अ-वर्गाचं (आगीला सगळ्यात जास्त दाद न देणारं) छप्पर, भिंतींना बाहेरून फायबर सिमेंटच्या फळ्या आणि टफन्ड दुहेरी काचा. घराभोवतीच्या पाच फुटांत जळणारं काहीही नको. काथ्याचं पायपुसणंसुद्धा नको, आणि दसऱ्याचं तोरण दिवाळीपर्यंत वाळवत ठेवू नका. इथे वणव्याचा हंगाम नेमका तेव्हाच असतो. (यावरून घरात अजून धुसफूस चालू आहे.)

हे सगळं करूनही दहा फुटांवरचं घर पेटलं तर तुमचं वाचेलच असं नाही. दाट वस्तीत एकट्याने शहाणं होऊन भागत नाही. मी सॉफ्टवेअरवाला आहे, तेव्हा इंजिनिअरला विचाराच, फक्त तो साडू नसावा. आणि शेजाऱ्याचं लाकडी कुंपण तुमच्या भिंतीला टेकत असेल तर शेवटचे पाच फूट धातूचे करून घ्या. कुंपण बांधायच्या आधी बोला, नंतर कोणी ऐकत नाही.