शहाबादीवरचं शेवाळ आणि प्रेशर वॉशवाला

घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

प्रश्न : आमचा सहकारनगरमध्ये १९७४ साली बांधलेला बंगला आहे. काळ्या दगडाचं जोतं, वर गिलावा, कंपाउंडची भिंतही दगडी. अंगणात शहाबादी फरशी, पोर्चवर मंगलोरी कौलं, गच्चीवर चायना मोझॅक. पावसाळ्यात अंगणात शेवाळ धरतं. यंदा भाद्रपदात यजमान त्यावरून घसरले आणि मनगट मोडलं. म्हणून दिवाळीआधी सगळं घर प्रेशर वॉश करून घ्यायचं ठरवलं आहे. दोघांकडून भाव आले. एकाने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवून फोनवरच नऊ हजार ठोक सांगितले. 'एका दिवसात घर नवं करून देतो, अ‍ॅसिड मारलं की डागसुद्धा राहत नाहीत,' म्हणाला. दुसरा घरी आला, तासभर फिरला आणि बावीस हजार म्हणाला. शिवाय कौलं करणार नाही, असंही सांगून गेला. काम कुणाला द्यावं?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : ताई, यजमानांना लवकर आराम पडो. काम दुसऱ्याला द्या. बावीस हजार सांगितले म्हणजे तो चांगला, असं माझं म्हणणं नाही. कौलांना मशीन लावायचं नसतं हे त्याला माहीत आहे आणि समोर आलेलं काम सोडून ते तो तुम्हाला सांगतो, म्हणून त्याला द्या. पहिल्याने अंगणात पाऊल न टाकता अ‍ॅसिडचं नाव काढलं, तिथेच माझ्या दृष्टीने तो बाद झाला.

मी बरीच वर्षं जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे. प्रेशर वॉशनंतर बिघडलेली जी घरं बघायला मला बोलावतात, तिथे बहुतेक वेळा एकच गोष्ट झालेली असते. एकच गन, एकच नोझल आणि तोच जोर घरभर फिरवलेला असतो. तुमच्याच घरात दगड, गिलावा, शहाबादी, कौलं, मोझॅक असे पाच प्रकार आहेत आणि प्रत्येकाला वेगळी वागणूक लागते.

शहाबादीपासून सुरुवात करू, कारण यजमान तिच्यावरून पडले. शहाबादी हा चुनखडक आहे. कोटा आणि कडप्पाही चुनखडकच. कडप्प्याच्या ओट्यावर लिंबाची फोड तशीच राहिली की पांढरट डाग पडतो आणि तो घासून जात नाही, हे तुम्ही पाहिलं असेल. लिंबाच्या रसाने एवढं होतं, तर बाथरूमच्या अ‍ॅसिडने काय होईल? फरशीवर फेस येतो आणि त्या फेसाबरोबर दगडाचा वरचा थर निघून जातो. त्या दिवशी फरशी उजळ दिसते, घरचे खूश होतात. पण खाली उरतो तो खडबडीत दगड, आणि पुढच्या आषाढात त्या खळग्यांमध्ये शेवाळ आधीपेक्षा घट्ट बसतं. प्रभात रोडवरच्या एका घरात असंच झालं होतं. पायऱ्यांची कोटा फरशी अ‍ॅसिडने इतकी खाल्ली होती की शेवटी पॉलिशवाल्याला बोलावून सगळी घासून घ्यावी लागली. धुण्याच्या कितीतरी पट खर्च झाला.

शेवाळ आधी मारायचं असतं आणि मग धुवायचं. नुसत्या पाण्याच्या जोराने वरचा हिरवा थर जातो, पण दगडाच्या बारीक छिद्रांतलं तसंच राहतं आणि थोडी ओल मिळाली की परत फुटतं. बाजारात मिळणारं पातळ ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, एक भाग घेऊन त्यात चार भाग पाणी घालायचं. ते फरशीवर पसरून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं, वाळू द्यायचं नाही, मग खराट्याने घासून धुवायचं. तुळस आणि कडेची झाडं आधी साध्या पाण्याने चिंब भिजवा, प्लास्टिकने झाका आणि नंतर पुन्हा पाणी घाला. ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. घशाला आणि फुफ्फुसांना तो घातक आहे, म्हणून अ‍ॅसिडची बाटली कामाच्या दिवशी कंपाउंडच्या आतसुद्धा येऊ देऊ नका.

मशीन किती बारचं (बार म्हणजे दाबाचं माप), यावर लोक फार अडतात. घरगुती मशीन साधारण १०० ते १५० बारची असतात, धंदेवाईक त्याहून मोठी. पण दगडावर प्रत्यक्ष जोर किती पडणार, हे नोझल आणि अंतरावर ठरतं. नोझलांना रंग असतात. पांढऱ्यातून ४० अंशांचा पंखा पडतो, हिरव्यातून २५, पिवळ्यातून १५, आणि लाल म्हणजे शून्य, सुईसारखी सरळ धार. घरकामात लाल नोझलला काही काम नाही. तुमच्या माणसाला डबा उघडून नोझल दाखवायला सांगा आणि शहाबादीला कुठलं लावणार ते विचारा. पांढरं किंवा हिरवं म्हणाला आणि फुटभर अंतर ठेवीन म्हणाला, तर त्याला काम कळतं. अंगण मोठं असेल तर घमेल्याच्या आकाराचं, खाली फिरते नोझल असलेलं गोल झाकण मिळतं, ते तो आणतो का तेही विचारा. नुसत्या गनने धुतलं तर फरशीवर पट्टे उमटतात.

आता जोतं आणि कंपाउंडची भिंत. आपला काळा दगड मशीनला दाद देत नाही. निघतो तो सांध्यांमधला माल. एक किल्ली घ्या आणि दोन दगडांमधली दरज खरवडून बघा. किल्ली नुसती घसरली तर दरज पक्की आहे. पीठ गळायला लागलं तर आधी दरजा भरून घ्या, माल पक्का होऊ द्या आणि मगच भिंत धुवा. पेठांमधल्या वाड्यांत राहणाऱ्या वाचकांनाही इथेच सांगते : तुमच्या भिंती चुन्यात बांधलेल्या आहेत, त्यांच्याजवळ हे मशीन नेऊच नका. मऊ ब्रश आणि बादलीभर पाणी पुरे.

कौलांबद्दल तुमचा माणूस बरोबर बोलला. मंगलोरी कौलं वरून खाली ओघळणाऱ्या पाण्यासाठी रचलेली असतात. खालून वर धार मारली की पाणी कौलाखाली शिरतं, रिपा म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्या भिजतात. शिवाय कौलाची वरची कातडी निघाली की ते पाणी प्यायला लागतं. शिडीवर उभं राहून मऊ ब्रशने घासून घ्या, कौलांवर पाय देऊ नका. फुटकी कौलं त्याच वेळी बदला.

गच्चीवरच्या मोझॅकच्या तुकड्यांमधल्या फटी पांढऱ्या सिमेंटने भरलेल्या असतात. जवळून धार लागली तर ते उडतं, आणि गळतीचा पत्ता पुढच्या जूनमध्ये बेडरूमच्या छतावर लागतो. तिथे ब्लीच, खराटा आणि लांबून पांढरं नोझल, एवढंच चालेल. त्याआधी गच्चीच्या पन्हळी मोकळ्या करा. गॅरेजवर किंवा शेडवर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना धार लावू देऊ नका. त्यात अ‍ॅसबेस्टॉस असतं आणि तंतू हवेत उडतात.

गिलाव्यावर जुन्या रंगाचे पापुद्रे सुटले असतील तर तेही धारेने उडवायचे नाहीत. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा, जास्त नको, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. तुमचं घर १९७४चं आहे, म्हणजे खालच्या थरांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालायला हवं. खाली प्लास्टिक अंथरा, भिंत ओली करा, पापुद्रे पत्र्याने खरवडून पिशवीत भरा. अंगणात नातवंडं खेळत असतील तर हे काम नक्की असंच करून घ्या.

पाण्याचा हिशोब आधी करा. मशीन मिनिटाला आठ लिटर पाणी घेत असेल आणि गन एकूण चार तास सुरू राहिली, तर १,९२० लिटर लागतात. महापालिकेच्या पिण्याच्या पाण्यावर हे काम करणं मला स्वतःला पटत नाही, खडकवासल्यात पाणी असलं तरी. बोअर असेल तर ते वापरा. मात्र जड पाण्याचे पांढरे ठिपके काचांवर बसतात, म्हणून काचा लगेच पुसून घ्या. पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, काम त्यानंतर ठेवा.

विजेचं आणि माणसांचं मात्र नीट बघा. मशीन १५ अँपिअरच्या अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावायचं आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवा. महावितरणचं मीटर, बेल, कॅमेरे आधी प्लास्टिकने बांधून घ्या. काम करणारी मुलं बऱ्याचदा स्लिपर घालून येतात. त्यांना गमबूट आणि गॉगल द्यायला लावा, नाहीतर काम सुरू करू देऊ नका. त्या धारेने कातडी फुटते. वर दिसतं टाचणीएवढं भोक, रक्तही फारसं येत नाही आणि मुलगा फडकं गुंडाळून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र पाणी आणि घाण खोलवर गेलेली असते, आणि उशीर झाला तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असं झालं तर तास-दोन तास वाट न बघता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात न्या आणि 'प्रेशर मशीनची धार लागली आहे' हे शब्द डॉक्टरांना सांगा. कंत्राटदाराकडे मजुरांच्या नुकसानभरपाईची विमा पॉलिसी आहे का, तेही विचारा. तिची प्रत बघा.

आता तुमच्या बावीस हजारांकडे वळू. त्यात १८ टक्के जीएसटी धरला आहे की वर लागणार, हे आधी ठरवा. मग त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या : कुठला भाग, किती चौरस फूट, कुठलं रसायन, पाणी कुणाचं, आणि काही फुटलं तर भरून कोण देणार. सगळ्यात आधी मागच्या कोपऱ्यात दोन बाय दोन फूट फरशी धुवून दाखवायला सांगा. तिथे लगेच पसंती देऊ नका. ओला दगड नेहमीच सुंदर दिसतो, दुसऱ्या दिवशी वाळल्यावर बघा. हाताने चाचपा, बाजूच्या न धुतलेल्या फरशीपेक्षा खरखरीत लागली तर जोर जास्त झाला आहे. शेवटचे पैसेही असंच वाळल्यावर बघून द्या.

आणखी एक सांगते. शेवाळ दर वर्षी त्याच जागी येत असेल तर तिथे पाणी तुंबतंय किंवा ऊन पोहोचत नाहीये. बादलीभर पाणी ओतून बघा. थांबलं तर त्या चार फरश्या उचलून ढाळ दुरुस्त करा, आणि वरची फांदी सावली धरत असेल तर ती छाटून घ्या. त्यानंतर वर्षाआड मशीन बोलावायची गरज पडणार नाही.

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या चार मजली सोसायटीला बाहेरून रंग द्यायचा आहे. कंत्राटदार म्हणतो, सोमवारी प्रेशर वॉश आणि बुधवारी प्रायमर. चालेल का?
– सोसायटीचे सेक्रेटरी

उत्तर : बुधवार फार लवकर होतो. गिलाव्यात मुरलेलं पाणी वर रंग चढवला की बाहेर पडायला धडपडतं आणि फोड येतात. प्रायमरच्या आदल्या संध्याकाळी उत्तरेकडच्या भिंतीवर, जिथे ऊन कमी असतं तिथे, हातभर लांब-रुंद असं जाड प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा. सकाळी आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओली आहे, थांबा. दिवस मोजू नका, ही तपासणी मोजा. ती सगळ्या बाजूंना करा.

धुण्याआधी भेगा भरून घ्यायला सांगा. भेगेत धार गेली की पाणी थेट आतल्या खोलीत उतरतं आणि सळयांपर्यंतही पोहोचतं. धुण्याच्या दिवशी प्रत्येक फ्लॅटला आदल्या रात्री निरोप द्या, कारण सरकत्या खिडक्यांच्या पट्टीतून पाणी आत येतंच. दोरांवर टांगलेल्या झुल्यावरून काम करणाऱ्या माणसाचा सेफ्टी बेल्ट वेगळ्या दोराला बांधलेला असला पाहिजे, झुल्याच्या दोराला नाही. हे तुम्ही स्वतः गच्चीवर जाऊन बघा.

प्रश्न : अंगण धुवायला घरी छोटं प्रेशर मशीन घेतलं आहे. त्यानेच सोलर पॅनल धुतले तर?
– बाणेरमधील वाचक

उत्तर : नको. आतल्या सेलना डोळ्यांना न दिसणारे तडे जाऊ शकतात आणि कडेच्या सीलमधून पाणी शिरतं. पाणी तापवणाऱ्या सोलरच्या काचेच्या नळ्याही तशाच नाजूक असतात. सकाळी लवकर, काच थंड असताना, मऊ फडक्याने आणि साध्या पाण्याने पुसा. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी ओतू नका. पॅनलपर्यंत हात पोहोचत नसेल तर लांब दांड्याचा मऊ ब्रश आणा, पण पॅनलवर चढू नका.