उठताच अंधारी का येते?

प्रश्न : झटकन उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. असे का होते?

उत्तर : पायांच्या स्नायूंना हुकूम देते ती ऐच्छिक चेतासंस्था. रक्तदाब मात्र स्वायत्त चेतासंस्था सांभाळते, तिथे आपली इच्छा चालत नाही. उभे राहताच सुमारे अर्धा लिटर रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते आणि रक्तदाब घटतो. मानेतल्या धमनीतील दाबग्राही चेता (दाब ओळखणारे मज्जातंतू) ही घट मेंदूला कळवतात. मग स्वायत्त संस्थेतल्याच अनुकंपी, म्हणजे शरीराला सज्ज करणाऱ्या, चेता ठोके वाढवतात, रक्तवाहिन्या आवळतात. शरीरात पाणी कमी असेल, रक्तदाबाची औषधे चालू असतील किंवा मधुमेहाने चेता बिघडल्या असतील, तर ही भरपाई अपुरी पडते, मेंदूला क्षणभर रक्त कमी मिळते आणि अंधारी येते.

उठण्याआधी मिनिटभर बसा, घोटे हलवा. उभे राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरत असेल तर डॉक्टरांना दाखवाच. औषध मात्र परस्पर बंद करू नका.