चूर्णाआधी तपासणी: मूल होण्यासाठीच्या नैसर्गिक उपचारांबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला: मूल हवंय, घरचे काढे-चूर्ण सुचवताहेत, ते घ्यावं का? निवडक प्रश्नांना स्त्रीरोगतज्ज्ञ आणि आयुर्वेदाच्या वैद्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: वय ३१, घणसोलीला राहते. चौदा महिने प्रयत्न चालू आहेत. पाळी २८ ते ३० दिवसांनी, नियमित. सासूबाईंच्या ओळखीतले वैद्य सहा महिने पंचकर्म आणि चूर्ण घ्यायला सांगतात. मला आयव्हीएफची (टेस्टट्यूब बेबीच्या उपचारांची) फार भीती वाटते. आधी सहा महिने हे करून पाहिलं आणि तपासण्या नंतर केल्या तर चालेल का?

उपचार करा, पण तपासण्या पुढे ढकलू नका. क्रम उलटा झाला की नुकसान होतं ते वेळेचं, आणि या विषयात वेळ विकत मिळत नाही. पस्तिशीच्या आत वर्षभर आणि पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, तर दोघांचीही तपासणी करायची, असा नियम आहे. तुमचं वर्ष उलटून गेलंय.

तपासणी म्हणजे आयव्हीएफची पहिली पायरी, ही समजूत आधी मनातून काढून टाका. आयुर्वेद गर्भधारणेला चार गोष्टी लागतात असं सांगतो: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पेरणीची वेळ, जमीन, पाणी आणि बियाणं, यातलं एक जरी कमी असलं तरी बाकीची तीन कितीही चांगली असून उपयोग नाही. आजच्या तपासण्या याच चार गोष्टी पाहतात आणि एका पाळीत उरकतात.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), साखर आणि हिमोग्लोबिन. रक्तस्राव थांबल्यावर, सातव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान गर्भनलिकांचा एक्सरे, म्हणजे एचएसजी. मग प्रोजेस्टेरॉन, त्यातून बीज फुटलं की नाही ते कळतं. इथे एक चूक सर्रास होते. हे रक्त ‘एकविसाव्या दिवशी’ द्यायचं असं सगळ्यांनाच सांगतात, पण ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी द्यायचं असतं. पाळी २८ दिवसांची असेल तर एकविसावा दिवस बरोबर, ३० दिवसांची असेल तर तेविसावा. दिवस चुकला की रिपोर्ट कमी येतो आणि बाईच्या माथी नसलेला दोष बसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी बंद करा. त्याने थायरॉइडचा रिपोर्ट खोटा येऊ शकतो.

आणि पतीची वीर्यतपासणी. ही पहिल्याच आठवड्यात करा. सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत स्वस्त तपासणी हीच, तरी घराघरांत ती शेवटी होते. बायको वर्षभर काढे पीत राहते आणि नवऱ्याचा रिपोर्ट काढायला कुणाला सुचत नाही. हे बदलायलाच हवं.

आता पंचकर्म. वमन (औषधाने उलट्या), विरेचन (औषधाने जुलाब) यांसारखं शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, गर्भ राहिलेला असताना करत नाहीत. म्हणून ते पाळी संपल्यावर, गर्भ नाही याची खात्री करून सुरू करायचं, आणि शोधन चालू असेपर्यंत गर्भ राहू द्यायचा नाही. म्हणजेच पंचकर्मात गेलेला महिना प्रयत्नांतून वजा होतो. सहा महिन्यांपैकी किती महिने असे जाणार, हे वैद्यांना आधीच विचारून घ्या.

चूर्णाचं म्हणाल तर पुडीवर काय लिहिलंय ते वाचा. कंपनीचं नाव, परवाना क्रमांक, बॅच नंबर, घटक आणि मुदत यांतलं काहीच नसेल, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली मोकळी पुडी असेल, तर ती घेऊ नका, मग देणारा कितीही ओळखीचा असो. घटकांत ‘भस्म’ (जाळून केलेली धातूची राख) किंवा ‘रस’ (पाऱ्याचं औषध) हे शब्द दिसले तर त्यात कुठला धातू आहे ते विचारा. नागभस्म म्हणजे शिसं. शिसं वर्षानुवर्षं हाडांत साठून राहतं, गरोदरपणात हाडांतून रक्तात उतरतं आणि वारेतून बाळापर्यंत पोचून त्याच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं. अशी औषधं आधी घेऊन झाली असतील तर रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या. शतावरी किंवा फलघृताचा (औषधी तुपाचा) साधा डोस शिकलेल्या वैद्याच्या देखरेखीखाली घ्यायला आमची हरकत नाही. मात्र गर्भ राहिल्याचं कळताच काय चालू ठेवायचं आणि काय थांबवायचं, हे आजच कागदावर लिहून घ्या.

फॉलिक अॅसिड आजपासून सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत मिटते; पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत ते काम जवळजवळ झालेलं असतं. दुकानात बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात देतात. ती मधुमेह, फिटची औषधं किंवा आधीच्या बाळात असा दोष असेल तर, डॉक्टर सांगतील तेव्हा.

प्रयत्नांचे दिवस: तुमच्या पाळीत बीज चौदाव्या ते सोळाव्या दिवसाच्या आसपास फुटतं. शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत टिकतात, बीज जेमतेम १२ ते २४ तास. म्हणून दहाव्या ते सतराव्या दिवसापर्यंत एक दिवसाआड संबंध ठेवा. ‘शक्ती साठवायला’ पंधरा दिवस लांब राहायला सांगतात, त्याने शुक्राणूंची हालचाल उलट मंदावते.

प्रश्न: वय २७, कळवा. पीसीओएस (बीजकोशांचा हॉर्मोनशी संबंधित विकार) आहे. वजन ७४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर. पाळी ४५ ते ६० दिवसांनी येते. मैत्रिणीने ‘सीड सायकलिंग’ सांगितलं: पहिले १४ दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे १४ दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या बिया. इनोसिटॉलही घेऊ का?

बियांनी अपाय नाही, पण चौदा-चौदा दिवसांचं गणित २८ दिवसांच्या पाळीवर बेतलेलं आहे. तुमच्या पाळीत बीज चाळिसाव्या दिवशी फुटत असेल किंवा फुटतच नसेल, तर ‘पुढचे १४ दिवस’ कुठून मोजणार? रोज एक-दोन चमचे भाजून कुटलेल्या जवसाची चटणी भाकरीबरोबर खा, सोबत पाणी भरपूर प्या. तेवढं पुरे.

इनोसिटॉलचा नेहमीचा डोस मायो-इनोसिटॉल २ ग्रॅम, दिवसातून दोनदा. पाळी सुधारायला काहीजणींना मदत होते, पण मूल होण्याच्या दृष्टीने त्याचा पुरावा तोकडा आहे. तीन महिने घेऊन पाहा. पाळीच्या तारखा वहीत लिहा; अंतर कमी होत नसेल तर बंद करा. त्यावर वर्ष घालवू नका.

तुमच्या बाबतीत खरा फरक पडतो तो वजनाने. पाच टक्के, म्हणजे साधारण पावणेचार किलो उतरले तरी बऱ्याच जणींना बीज फुटायला लागतं. सोमवार-चतुर्थीचे उपवास असतील तर ताटाकडे एकदा नीट बघा. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर केळं, म्हणजे पिष्टावर पिष्ट. इन्सुलिन चढवणारा याहून नेमका बेत सापडणं कठीण. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, मूठभर शेंगदाणे घ्या. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चाला, आणि दोन दिवस वजनं उचलण्याचा किंवा सूर्यनमस्कारांचा व्यायाम करा. लोकल पकडायला धावणं यात धरू नका.

ओव्ह्युलेशनच्या, म्हणजे बीज फुटण्याचा दिवस दाखवणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवू नका. पीसीओएसमध्ये एलएच, म्हणजे ही पट्टी मोजते तो हॉर्मोन, मुळातच चढा असू शकतो, मग पट्टी दिवसेंदिवस ‘होकार’ दाखवते आणि बीज मात्र फुटलेलं नसतं. पाळी ९० दिवस आली नाही तर डॉक्टरांकडून औषध देऊन आणवून घ्या, नाहीतर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. वजन उतरूनही बीज फुटत नसेल तर लेट्रोझोल हे पहिल्या पसंतीचं औषध आहे; पाच दिवसांच्या साध्या गोळ्या असतात, पण सोनोग्राफीच्या देखरेखीखालीच घ्यायच्या. चूर्ण घेणाऱ्या मुली या गोळ्यांना उगीच घाबरतात.

प्रश्न: मी ३२ वर्षांचा, ऐरोली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात भट्टीजवळ काम. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत जिममधल्या मित्राच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत होतो. शुक्राणूंची संख्या ६ मिलियन आलीय. अश्वगंधा किती घेऊ?

अश्वगंधेच्या आधी इंजेक्शनांचं बोलू, कारण घोळ तिथेच दिसतोय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, शरीरात पुरेसं आहे. मग तो वृषणांना जाणारे एलएच आणि एफएसएच हे संदेश बंद करतो. रक्तात हॉर्मोन भरपूर, पण वृषणाच्या आत त्याची टंचाई. शुक्राणू बनणं मंदावतं किंवा पूर्ण थांबतं. पौरुष वाढवायला घेतलेलं इंजेक्शन गर्भनिरोधकासारखं काम करतं, हे जिममध्ये कुणी सांगत नाही.

तुमची संख्या मिलिलिटरमागे ६० लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या मापदंडाप्रमाणे खालची मर्यादा १ कोटी ६० लाख. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर यायला आणखी काही दिवस लागतात, म्हणून आजच्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो. इंजेक्शनं पुन्हा सुरू करू नका. या काळात मरगळ येते, इच्छा कमी होते, आणि नेमक्या त्याच वेळी मित्र ‘एक छोटा कोर्स’ सुचवतो. ‘बूस्टर’ म्हणून मिळणाऱ्या पावडरीही बंद करा. एफएसएच, एलएच, टेस्टोस्टेरॉन तपासा आणि व्हेरिकोसीलसाठी (वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरांसाठी) युरॉलॉजिस्टकडून शारीरिक तपासणी करून घ्या. सुधारायला अनेकदा सहा ते बारा महिने लागतात. लवकर हवं असेल तर त्यासाठी डॉक्टरांकडे औषधं आहेत.

वीर्याचा नमुना देताना: आधी दोन ते सात दिवस संबंध नाही. निरोधातून नमुना घेऊ नका, पहिला भाग सांडू देऊ नका. शुक्राणू सर्वांत जास्त त्यातच असतात. घरून नेणार असाल तर डबी अंगालगत, शर्टाच्या आत ठेवून तासाभरात पोचवा. ऐरोलीच्या पुलावर गाडी अडकली तर नमुन्याचा भरवसा उरत नाही. त्यापेक्षा लॅबमध्येच द्या. गेल्या दोन-तीन महिन्यांत डेंग्यू, मलेरिया किंवा मोठा ताप आला असेल तर तो डॉक्टरांना सांगा, तापानेही संख्या पडते.

भट्टीची उष्णता हे दुसरं कारण असू शकतं. वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश थंडावा लागतो. काही महिन्यांसाठी दुसऱ्या विभागात बदली मागा, घट्ट नायलॉन सोडा.

अश्वगंधा: काही लहान चाचण्यांत शुक्राणूंची संख्या वाढलेली दिसली आहे. नेहमीचा डोस चूर्णाचा ३ ते ६ ग्रॅम, दुधाबरोबर. थायरॉइडची गोळी चालू असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर घेऊ नका. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले तर लगेच थांबवा. आणि तीच डबी बायकोला देऊ नका, गरोदरपणात अश्वगंधा टाळतात. झिंक आणि फॉलिक अॅसिडच्या महागड्या जोडगोळ्यांची गरज नाही. २,३७० जोडप्यांच्या अमेरिकेतल्या चाचणीत, २०२० साली निकाल आला, या गोळ्यांनी मुलं होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

प्रश्न: वाशी, वय ३४. एचएसजीत दोन्ही नलिका बंद आल्या. उत्तरबस्तीने (गर्भाशयात औषधी तेल सोडण्याच्या आयुर्वेदिक उपचाराने) नळ्या उघडतात असं कळलं. खरं का?

एचएसजीत नळी गर्भाशयालगतच बंद दिसत असेल तर तो नुसता आकडीचा परिणाम असू शकतो. दुखलं की तिथला स्नायू आवळतो आणि एक्सरेसाठी आत सोडलेला रंग पुढे जात नाही. अशी नळी मुळात उघडीच असते. नंतर बस्ती घेतली, पुन्हा एक्सरे काढला आणि ‘उघडली’ की श्रेय बस्तीला जातं. म्हणून आधी अडथळा कुठे आहे ते रिपोर्टात वाचून घ्या.

टोकाशी बंद आणि पाण्याने फुगलेली नळी असेल, तर उत्तरबस्ती घेऊ नका. आत औषधी तेल सोडताना जंतू गेले तर ओटीपोटात पू होतो. आणि आपल्याकडे बंद नळ्यांमागे क्षयरोग असणं दुर्मीळ नाही. त्यासाठी अस्तराचा तुकडा तपासतात. तो दोन डब्यांत जायला हवा: एक फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा साध्या सलाइनमध्ये कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि जीनएक्सपर्ट (क्षयाच्या जंतूची जनुकीय तपासणी) यांसाठी. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात, कल्चर कोरं येतं आणि निदान हुकतं. टेबलावर जाण्याआधी सिस्टरांना दुसरी डबी आहे का, एवढं विचारा.

प्रश्न: ठाण्याहून, नौपाड्यातून लिहिते. सुनेला मुलगा व्हावा म्हणून शिवलिंगीचं बी आणि पुत्रजीवक दुधातून द्यायचंय. कितव्या दिवसापासून द्यावं?

काकू, देऊ नका. मुलगा की मुलगी हे शुक्राणू बीजात शिरतो त्याच क्षणी ठरतं. पोटात घेतलेलं कुठलंही बी ते बदलत नाही. ‘मुलगा होण्याच्या औषधा’ची जाहिरात करणं १९९४च्या लिंगनिवडविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि वंध्यत्वावर हमखास इलाज म्हणून स्त्रियांना औषध विकण्याच्या जाहिरातींवर १९५४च्या कायद्याने बंदी आहे. नातवंडाची ओढ आम्हाला कळते. सुनेला दूध द्या, साधं.

प्रश्न: खारघर. पुढच्या महिन्यात आयव्हीएफ. आधी अॅक्युपंक्चर केल्याने यश वाढतं का?

नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या ८४८ स्त्रियांच्या चाचणीत खऱ्या सुयांच्या गटात १८.३ टक्के आणि नकली सुयांच्या गटात १७.८ टक्के जणींना मूल झालं. निकाल २०१८ साली आला. ताण हलका व्हावा म्हणून करायचं असेल तर करा, फक्त दर वेळी नव्या सीलबंद सुया समोर उघडायला सांगा. चूर्ण, काढे आणि हर्बल गोळ्या मात्र इंजेक्शनं सुरू होण्याआधी थांबवा. त्यांच्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून पहिल्या भेटीला घेऊन जा. नावं तोंडी सांगताना दोन-तीन हमखास राहून जातात.