खान्देशात पणजोबा शोधायचे तर प्रोबेटपेक्षा वारस दाखल्याचे कागद मागा

तुम्ही विचारलंय की पणजोबा अमळनेर तालुक्यातले शेतकरी होते, 1930 च्या आसपास वारले, तर कोर्टात त्यांच्या मृत्युपत्राचं प्रोबेट सापडेल का आणि त्यावरून वंशावळ मागे नेता येईल का. प्रोबेट सापडलंच तर वंशावळ मागे न्यायला त्याची मदत होऊ शकते, पण ते सापडण्याची शक्यता फार कमी आहे. तेवढ्यावर शोध सोडू नका, कारण त्याच कोर्टात तुमच्या कामाचे दुसरे कागद असू शकतात.

मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टाचा शिक्का म्हणजे प्रोबेट. हिंदूंच्या मृत्युपत्रांना त्याची सक्ती मुंबई शहरात होती, धुळे-जळगावकडे नव्हती. त्यातून आपल्याकडचा शेतकरी मृत्युपत्र करतच नसे. एकत्र कुटुंबाची जमीन, बाप गेला की मुलं-भाऊ कसत राहायचे, फेरफाराला, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीला, वारस लागले की विषय संपला. कोर्टाची पायरी चढायची ती अडलं तरच. मयताचं कुणाकडे येणं आहे आणि देणेकरी म्हणतो, कोर्टाचा कागद आणा मग पैसे देतो. किंवा मागे राहिलेला मुलगा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन आहे. किंवा दत्तकावरून भाऊबंदकी पेटली आहे. तुमच्या घराण्यात यातलं काही घडलं होतं का, हे आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. भांडण झालं असेल तर कागद असण्याची आशा जास्त.

कोर्टात मागायचे कागद मुख्यतः तीन. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखालचा वारस दाखला. सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मयताची येणी वसूल करण्याचा वारसाचा दाखला, हे आधी 1889 च्या आणि मग 1925 च्या कायद्याखाली मिळे. आणि 1890 च्या कायद्याखाली अज्ञान मुलाचा पालक नेमण्याचा अर्ज. सक्सेशनच्या अर्जात मयत कधी वारला, कुठे राहत होता, त्याचे कुटुंबीय आणि जवळचे नातेवाईक कोण, ते कुठे राहतात, हे सगळं लिहिणं कायद्यानंच बंधनकारक आहे. पालक नेमण्याच्या अर्जातही मुलाची जन्मतारीख आणि जवळचे नातेवाईक द्यावे लागतात.

माझ्या आजोबांच्या चुलत्यांचा असा एक अर्ज मी पाहिला आहे. वंशावळ लिहिणाऱ्या भाटाच्या वहीत त्यांच्या नावापुढे एका मुलाचं नाव आणि रेघ, एवढंच. अर्जात मात्र त्यांची बायको आहे, नावापुढे ‘भ्र.’ (भ्रतार) लिहून नवऱ्याचं नाव. सात वर्षांचा मुलगा आहे. आणि ‘लग्न होऊन चोपडे येथे नांदत असलेली’ मुलगी आहे, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. त्या आत्याचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आज तिच्या नातवंडांशी आमचं जाणं-येणं आहे. म्हणून मी हे सगळ्यांना तळमळीनं सांगतो. आपल्या वंशावळींत बायका जवळजवळ नसतातच. 1937 च्या कायद्याआधी एकत्र कुटुंबातल्या विधवेला हिस्साही नव्हता, फक्त पोटगी. त्यामुळे पोटगीचे दावेही बघा, त्यात सासर-माहेर दोन्ही सापडतं.

आता कुठल्या कोर्टात जायचं. 1906 पर्यंत खान्देश हा एकच जिल्हा होता आणि मुख्य ठाणं धुळे. त्या वर्षी पूर्व आणि पश्चिम खान्देश वेगळे झाले. अमळनेर पूर्वेत, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यात गेलं. तेव्हा 1930 चं प्रकरण जळगावला किंवा अमळनेरच्या कोर्टात शोधा, पणजोबांच्या वडिलांचं असेल तर धुळ्याला चौकशी करा. नंदुरबार जिल्हा तर 1998 चा आहे, तिकडचं जुनंही धुळ्याच्याच नावावर. रावेरकडच्या लोकांची सोयरीक बऱ्हाणपूरला असते, पण ते गाव तेव्हा मध्य प्रांतात होतं, त्याचे कागद इकडे शोधू नका.

इतकी जुनी प्रकरणं ई-कोर्टच्या साइटवर मिळतील या भरवशावर राहू नका. रेकॉर्ड रूममध्ये जाऊन किरकोळ अर्जांचं रजिस्टर बघू द्यायची विनंती करावी लागते. वारल्याच्या वर्षावरच थांबू नका, पुढची दहा-बारा वर्षं चाळा, कारण अर्ज बहुधा वसुली अडल्यावर होई. नंबर सापडला की नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टँप लावून. तुम्ही पक्षकार नाही, म्हणून कारण आणि नातं दोन्ही लिहा. मुदत संपलेले कागद कोर्ट नष्ट करतं, त्यामुळे फाईल मिळाली नाही तरी रजिस्टरातली ओळ उतरवून आणा. नाव, गाव आणि साल त्यात असतं.

सोबत दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयातही जा. तिथलं बुक नंबर 3 मृत्युपत्रांचं आणि दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांचं असतं. करून देणारा मयत झाला असेल तर त्याची नक्कल कुणालाही मागता येते, हे फार थोड्यांना माहीत आहे.

तहसीलमधले जुने फेरफार तर सोडूच नका. त्यात नावापुढे ‘अ.पा.क.’ दिसलं तर समजा की वारस अज्ञान होता आणि पालनकर्ता दुसरा कुणी होता. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे त्याच्यामागे आणखी भाऊ असणार. ‘अ.पा.क.’ सापडलं की पालक नेमण्याचा अर्ज त्याच सुमारास झाला होता का ते कोर्टात बघा. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, कर्ती माणसं गेली, त्यामुळे त्यानंतरची वर्षं जास्त बारकाईनं बघा.

मोडी येत नसेल तर अडणार नाही. जुने जबाब आणि सह्या पुष्कळदा मोडीत असतात, पण कुणबी नोंदींच्या शोधामुळे गेल्या काही वर्षांत मोडी वाचकांचा पत्ता लावणं सोपं झालं आहे. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळातही विचारा. कागदाचा फोटो नीट उजेडात काढा आणि ‘वल्लद’ किंवा ‘बिन’ याच्या पुढचं नाव आधी वाचून घ्या, तेच बापाचं नाव.

पणजोबांच्या गावाचं नाव आणि फेरफाराचं अंदाजे साल इथे लिहिलंत, तर आधी कुठल्या कार्यालयात जावं ते मी सांगू शकेन.